खटला आणि कागद

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही चार दिवस वरंधास मुक्कामास होतों. महाडाहून भोरकडे जाणाऱ्या घाटाला आपलें नांव देणारें हें लहानसें गांव. पाऊस नुकताच सरलेला, भातें कापणीस आलेलीं, आणि वर कावळ्या किल्ल्याच्या अंगावर सकाळचें धुकें बराच वेळ रेंगाळणारें, असे ते दिवस होते. बरोबर दोन पुस्तकें नेलीं होतीं व तीं संपवूनच परतावें असा संकल्प होता. तो तडीस गेला नाहीं. दुसऱ्याच दिवशीं शेजारच्या घरचे गृहस्थ आपल्या मुलाविषयींचें गाऱ्हाणें घेऊन आमच्या ओटीवर येऊन बसले.

मुलगा पुण्यास कॉलेजांत आहे. अभ्यासांत बरा आहे. परंतु 'रॅप' म्हणून तालावर बोलण्याचा जो गायनप्रकार हल्लीं तरुणांत रूढ झाला आहे त्याचा त्याला नाद लागला आहे, आणि त्या प्रकारांत त्यानें तळिये गांवावर एक दीर्घ गीत रचिलें आहे. तळिये आमच्याच महाड तालुक्यांतलें. २२ जुलै २०२१ रोजीं तेथें डोंगराचा कडा खचून ऐंशींहून अधिक माणसें मातीखालीं गेलीं, हें वाचकांस आठवत असेल. मुलाच्या गीतांत त्या दिवसाचें वर्णन आहे, आणि वर्णनाबरोबर कांहीं प्रश्नही आहेत. वडिलांचें म्हणणें एवढेंच होतें: "सर, प्रश्न कोणाला झोंबले आणि उद्यां पोलिसांत तक्रार झाली, तर आम्ही कुठं जायचं? तुमचं तो ऐकेल. जरा समजवा त्याला."

मुलास बोलावणें गेलें. तो आला, नमस्कार करून बसला, आणि आम्हीं विषय काढतांच शांतपणें म्हणाला, "काका, खटला झाला तर झाला. मोठीं कामं खटल्यांतूनच होतात. गणपतींतल्या भाषणांत तुम्हींच नाहीं का सांगितलंत, कीं मंडालेचा तुरुंग नसता तर गीतारहस्य झालं नसतं?"

ह्यावर आम्हांस कांहीं उत्तर सुचलें नाहीं. तें वाक्य आमचेंच होतें. व्यासपीठावर, वर्गांत, सत्कारसमारंभांत आम्हीं तें किती वेळां उच्चारलें असेल ह्याची गणती नाहीं. टाळ्या हमखास मिळवून देणारें तें वाक्य आहे. परंतु तेंच वाक्य एका वीस वर्षांच्या मुलाच्या तोंडून, त्याच्या घाबरलेल्या बापासमोर ऐकतांना तें खरें आहे कीं नाहीं, ह्याचा आम्हीं कधीं विचारच केला नव्हता, असें आमच्या ध्यानांत आलें. तो विचार ह्या लेखांत करावयाचा आहे.

मुलानें आपल्या बाजूनें एक परदेशीय दाखला दिला, तोच आरंभीं घेऊं. अमेरिकेंत अटलांटा शहरीं क्लिफर्ड हॅरिस नांवाचा एक रॅप-गायक आहे, 'टी. आय.' ह्या नांवानें तो जगास परिचित आहे. १३ ऑक्टोबर २००७ रोजीं त्याच शहरांत ह्या गायनप्रकाराचा एक मोठा पारितोषिक-समारंभ व्हावयाचा होता; त्याच्या कांहीं तास आधीं ह्या गृहस्थास पोलिसांनीं पकडलें. आरोप असा कीं, आपल्या अंगरक्षकाच्या हस्तें तो यांत्रिक बंदुका व त्यांचा आवाज दाबणारीं साधनें विकत घेत होता. पूर्वीं एका गुन्ह्यांत शिक्षा झालेली असल्यामुळें तेथील कायद्यानें त्याला शस्त्र बाळगण्याचीच मनाई होती. आदल्याच वर्षीं, म्हणजे २००६ सालीं, त्याचा जिवलग मित्र गोळीबारांत मारला गेला होता, आणि जिवाच्या भीतीनें आपण हें केलें, असें त्याचें सांगणें पडलें. तीस लक्ष डॉलरांच्या जामिनावर तो सुटला, परंतु स्वतःच्याच घरांत स्थानबद्ध होऊन राहण्याच्या अटीवर.

ह्या स्थानबद्धतेंत त्यानें जो गीतसंग्रह सिद्ध केला त्याचें नांव 'पेपर ट्रेल', म्हणजे कागदांवर मागें उरलेला माग. नांवांत श्लेष आहे. २००१ सालच्या पहिल्या संग्रहानंतर ह्या गायकानें गीतें कागदावर लिहिण्याचें सोडून दिलें होतें. डोक्यांत जुळवावें आणि ध्वनिमुद्रणगृहांत जाऊन एकदम बोलून टाकावें, अशी त्याची रीत पडली होती. आतां घराबाहेर पडतां येईना, मनास येईल तेव्हां मुद्रणगृह गांठतां येईना. तेव्हां तो पुनः कागद-लेखणीकडे वळला. मार्च २००८ मध्यें त्यानें न्यायालयांत गुन्हा कबूल केला. शिक्षा ठोठावण्यापूर्वीं किमान एक हजार तास समाजसेवा करावी, विशेषेंकरून तरुणांस आपल्या उदाहरणावरून सावध करावें, असें ठरलें. ३० सप्टेंबर २००८ रोजीं संग्रह बाहेर आला व पहिल्याच आठवड्यांत त्याच्या ५,६८,००० प्रती खपल्या. मार्च २००९ मध्यें त्याला एक वर्ष आणि एक दिवस कैदेची शिक्षा झाली.

दाखला लक्षांत ठेवण्यासारखा आहे, ह्यांत शंका नाहीं. कायद्यानें त्या मनुष्याची हिंडण्याफिरण्याची मोकळीक घेतली आणि त्याच्या हातांत कागद आला, हें खरें. परंतु दुसरीही एक गोष्ट तितकीच खरी आहे. त्या घरांत बसण्यापूर्वीं त्याचे पांच संग्रह झालेले होते. शब्द, ताल आणि अनुभव हीं त्याच्यापाशीं आधींच होतीं. शिवाय त्याचा गुन्हा त्याच्या गाण्याचा नव्हता, बंदुकांचा होता. तो त्यानें कबूलही केला. कवीवर खटला होणें निराळें आणि कवितेवर खटला होणें निराळें. हा भेद आमच्या तरुण मित्राच्या ध्यानांत आला नव्हता, आणि खरें सांगावयाचें तर आमच्याही आला नव्हता.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हा रॅप-प्रकार कर्कश व उपरा वाटतो. आम्हांसही वाटे. परंतु थोडें लक्ष देऊन ऐकलें म्हणजे असें दिसतें कीं, धड गाणें नव्हे व धड भाषणही नव्हे, अशा ह्या मधल्या जागेंत आमचा पोवाडा कित्येक शतकें उभा आहे. डफाच्या ठेक्यावर धांवत्या लयींत प्रसंग सांगत जाणें, मध्येंच थांबून श्रोत्यांस सवाल करणें, शेवटीं आपलें नांव गुंफणें, हें सर्व शाहिरांनीं केलेलें आहे. आणि ह्या कामीं आमचा हा डोंगराळ मुलूख मुळींच परका नाहीं. शिवकालांतले जे दोन प्रसिद्ध पोवाडे मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत प्रथम शिकविले जातात, त्यांपैकीं अज्ञानदासाच्या पोवाड्यांतला अफजलखानवध पोलादपुराच्या माथ्यावर असलेल्या प्रतापगडाच्या पायथ्याशीं घडला, आणि तुळशीदासाच्या पोवाड्याचा नायक तानाजी मालुसरे ह्याची समाधि पोलादपुर तालुक्यांतच, उमरठ येथें आहे. अज्ञानदासास त्याच्या रचनेबद्दल घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचा उल्लेख पोवाड्यांतच आहे. राजदरबारांतून शाहिराला तोडा मिळण्याचा तो काळ होता.

पुढें काळ फिरला. १९०९ सालीं नाशिकचे गणेश दामोदर, ऊर्फ बाबाराव, सावरकर ह्यांजवर खटला झाला तो 'लघु अभिनव भारत माला' ह्या मालेंतील कांहीं कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल. जून १९०९ मध्यें नाशिकच्या न्यायालयानें त्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि नोव्हेंबरांत हायकोर्टानें ती कायम केली. चोपडें कवितांचें आणि शिक्षा जन्माची! त्या घटनेचा धक्का एवढ्यावर थांबला नाहीं. त्याच वर्षीं २१ डिसेंबर रोजीं नाशिकचे कलेक्टर जॅक्सन ह्यांचा अनंत कान्हेरे ह्या तरुणानें नाटकगृहांत वध केला, आणि त्यापायीं आणखी कित्येक घरें उद्ध्वस्त झालीं.

परकीय राज्य जाऊन आतां पाऊणशें वर्षें होऊन गेलीं. तरी २०२३ सालीं राज मुंगसे व उमेश खाडे ह्या दोन तरुण मराठी रॅप-गायकांवर त्यांच्या राजकीय टीकेच्या गीतांबद्दल पोलिसांत गुन्हे नोंदले गेलेच. नाशिकच्या खटल्याशीं ह्या प्रकरणांची बरोबरी करणें अतिशयोक्तीचें होईल. पण आमच्या शेजाऱ्यांची भीति अगदींच निराधार नव्हती, एवढें ह्यावरून सिद्ध होतें.

आतां आमच्याकडील ज्या दोन प्रकरणांवर 'तुरुंगांतून ग्रंथ' हें वाक्य उभें आहे त्यांकडे वळूं.

पहिलें प्रकरण १८८२ सालचें. 'मराठा' व 'केसरी' हीं पत्रें निघून जेमतेम दीड वर्ष झालें होतें. कोल्हापुरचे तरुण छत्रपति चौथे शिवाजी ह्यांचा तेथील कारभारी माधवराव बर्वे ह्यांच्याकडून छळ होत आहे, असा बोभाटा होता, आणि त्यास पुरावा म्हणून कांहीं पत्रें ह्या वृत्तपत्रांकडे आलीं. तीं छापलीं गेलीं. पुढें तीं पत्रें बनावट ठरलीं. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली; संपादकांनीं माफी मागितली, तरी खटला चाललाच. १७ जुलै १८८२ रोजीं टिळक व आगरकर ह्या दोघांस चार चार महिन्यांची शिक्षा झाली. दोघेही सव्वीस वर्षांच्या आंतबाहेरचे होते. मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं एकशें एक दिवस काढले व २६ ऑक्टोबर रोजीं ते सुटले.

ह्या एकशें एक दिवसांनीं मराठीला दोन गोष्टी दिल्या. एक, आगरकरांचें त्या तुरुंगवासाच्या हकीकतीचें छोटें पुस्तक. त्यांत रडगाणें नाहीं, उलट एक मिस्किल, स्वतःकडे पाहून हंसणारी वृत्ति आहे. दुसरी, शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' हें भाषांतर. त्या कोठडींत आगरकरांनीं हातीं घेतलेलें हें काम १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. तेथें त्या दोघां मित्रांचे जे वाद होत, त्यांतूनच पुढें महाराष्ट्राच्या विचाराचे दोन प्रवाह वेगळे झाले, असेंही म्हणतां येईल.

येथपर्यंतची हकीकत आम्ही व्यासपीठावरून सांगत असूं. ज्या दोन गोष्टी आम्ही सांगत नसूं, त्या अशा. पहिली, तीं पत्रें बनावट होतीं. हेतु शुद्ध होता, अन्यायाची चीड खरी होती, आणि छत्रपतींच्या सुरक्षिततेविषयींची भीति फोल नव्हती, हेंही पुढें दिसून आलें. कारण २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगरच्या किल्ल्यांत, पहाऱ्यावरील एका गोऱ्या सोल्जराशीं झालेल्या झटापटींत, त्या दुर्दैवी राजाचा अंत झाला. तथापि संपादकांनीं हातीं आलेला कागद पुरता पारखला नव्हता, हें नाकारतां येत नाहीं. दुसरी गोष्ट जामिनाची. खटला चालू असतां ह्या तरुणांस जामीन हवा होता. तो जोतीराव फुले ह्यांच्या खटपटीनें रामशेट उरवणे ह्या गृहस्थांनीं दिला. जोतीरावांचे आणि ह्या मंडळीचे विचार सर्वत्र जुळत होते असें नव्हे. तरी ते आड आले नाहींत. उरवण्यांचें नांव आमच्या भाषणांत कधीं आलें नाहीं, कारण त्यांनीं कोणतेंही पुस्तक लिहिलेलें नव्हतें.

दुसरें प्रकरण मंडालेचें. 'केसरी'मधील १२ मे व ९ जून १९०८ च्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. २२ जुलै रोजीं ज्यूरीनें सात विरुद्ध दोन मतांनीं त्यांस दोषी ठरविलें, आणि न्यायमूर्ति दावर ह्यांनीं सहा वर्षें काळ्या पाण्याची व हजार रुपये दंडाची शिक्षा दिली. ती पुढें साध्या कैदेंत बदलून त्यांस ब्रह्मदेशांत मंडाले येथें ठेवण्यांत आलें. लिहिण्यास परवानगी होती ती अशी: शाई नाहीं, शिसपेन्सील तेवढी, सुटे कागद नाहींत, पानें मोजून आंकडे घातलेल्या बांधीव वह्या, आणि चालू राजकारणावर एक अक्षर नाहीं. हळूहळू पुस्तकें मागवीत चारशेंच्या आसपास ग्रंथ त्यांच्यापाशीं जमले. ह्या सामग्रीवर त्यांनीं 'गीतारहस्या'चा खर्डा लिहिला.

किती दिवसांत लिहिला? २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११, म्हणजे पांच महिन्यांत. हा आंकडा आम्ही नेहमीं त्यांच्या बुद्धिमत्तेचें गमक म्हणून सांगत आलों. आतां त्याकडे दुसऱ्या बाजूनें पाहूं. कैद जवळजवळ सहा वर्षांची आणि लेखन पांच महिन्यांचें. तुरुंगामुळेंच ग्रंथ होत असते, तर उरलेल्या पांच वर्षांत आणखी किती व्हावयास पाहिजे होते! टिळकांनीं आपल्या प्रस्तावनेंत ह्या ग्रंथाचा उगम स्वतःच सांगितला आहे. १८७२ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, वडिलांच्या अखेरच्या दुखण्यांत त्यांस गीतेवरील एक प्राकृत टीका वाचून दाखविण्याचें काम ह्या मुलाकडे आलें, तेव्हांपासून गीतेचें तात्पर्य काय, हा प्रश्न त्याच्या मनांत घर करून राहिला. १९०२ सालीं नागपुरास व १९०४ सालीं संकेश्वर मठाच्या शंकराचार्यांसमोर त्यांनीं आपलें म्हणणें व्याख्यानरूपानें मांडलेंही होतें. म्हणजे पांच महिन्यांच्या मागें अडतीस वर्षें होतीं. मंडालेनें त्यांत भर घातली ती फक्त वेळाची. जून १९१४ मध्यें सुटका झाल्यावर वह्या कांहीं काळ सरकारच्या ताब्यांत राहिल्या, तेव्हां मित्रमंडळी हवालदिल झाली. टिळक मात्र निश्चिंत होते, कारण सारा ग्रंथ आठवणीनें पुनः लिहून काढण्याची त्यांची तयारी होती. ग्रंथ वह्यांत नव्हता, तेव्हां तो तुरुंगाचा कसा म्हणावा? १९१५ सालीं तो प्रसिद्ध झाला.

आणि ह्या वेळाची किंमत? मधुमेह जडलेलें शरीर घेऊन गेलेला मनुष्य अधिक खचून परत आला. ७ जून १९१२ रोजीं पुण्यास सत्यभामाबाई निवर्तल्या. पति हजारों मैलांवर कोठडींत होता. 'मंडाले नसतें तर गीतारहस्य नसतें' असें टाळ्यांच्या गजरांत म्हणतांना ही बाजू आम्हीं ताजव्यांत कधीं घातली नाहीं. टिळकांना चार वर्षें मोकळीं मिळतीं, तर हा ग्रंथ पुण्याच्या वाड्यांतही झाला नसता, असें कोणीं सांगावें?

ह्याहून मोठी चूक गणिताची आहे. तुरुंगांतून ग्रंथ घेऊन जे बाहेर आले त्यांचीच नांवें आपण मोजतों. रिकाम्या हातांनीं जे आले, अथवा आलेच नाहींत, त्यांचा हिशेब कोणीं ठेवला आहे? अंदमानांत विनायकराव सावरकरांनीं कागदाच्या अभावीं भिंतीवर ओळी कोरून व त्या पाठ करून काव्य रचिलें, हा मराठी वाङ्मयांतील एक विलक्षण प्रसंग आहे. पण त्याच कारागृहांत १९१२ सालीं इंदुभूषण राय ह्या बंगाली तरुणानें गळफास लावून घेतला, आणि उल्हासकर दत्त ह्याच्या बुद्धीला भ्रंश झाला. त्यांच्या मनांत काय काय लिहावयाचें होतें तें आतां कोणास कळणार? शंभर गलबतें वादळांत सांपडावींत, त्यांतलें एक किनाऱ्यास लागावें, आणि आपण वादळाच्या गुणांचा पोवाडा गावा, तसें हें झालें.

मग खटल्याच्या छायेचा लेखनावर कांहींच परिणाम होत नाहीं काय? होतो, तो कसा होतो हें पाहण्यास आम्हांस मंडालेपर्यंत जावें लागत नाहीं. महाड पुरें आहे.

चवदार तळ्याचें प्रकरण वाचकांस ठाऊक आहे, तरी त्याची न्यायालयीन बाजू थोडी तपशिलानें सांगूं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं संमत केला. महाडच्या म्युनिसिपालिटीनें जानेवारी १९२४ मध्यें त्याप्रमाणें तळें खुलें केलें, पण तें कागदावरच. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं परिषदेंतील मंडळीनें तळ्यावर जाऊन पाणी घेतलें, त्यानंतर त्यांजवर हल्ला झाला, आणि ऑगस्टांत म्युनिसिपालिटीनें आपला ठरावच फिरविला. पुनः सत्याग्रह करण्यासाठीं २५ डिसेंबरास परिषद ठरली. तेव्हां गांवांतील कांहीं सनातनी गृहस्थांनीं १२ डिसेंबर रोजीं दिवाणी दावा लाविला आणि १४ तारखेस कोर्टाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. हजारों माणसें महाडच्या वाटेवर, आणि तळ्यावर जाण्यास कोर्टाची बंदी!

परिषद झाली. तिला जागा फत्तेखान ह्या मुसलमान गृहस्थांनीं दिली, कारण दुसरें कोणी देईना. डॉक्टरांच्या सल्ल्यानें परिषदेनें दाव्याचा निकाल लागेपर्यंत तळ्यावरील सत्याग्रह तहकूब केला. परंतु त्याच २५ डिसेंबरच्या रात्रीं गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ह्यांनीं मांडलेल्या ठरावास अनुसरून मनुस्मृति जाळण्यांत आली. पाण्याकडे जाणारें पाऊल कायद्यानें अडविलें, तें ग्रंथाकडे वळलें. ज्या लिखाणाच्या आधारावर तळें बंद होतें त्या लिखाणालाच परिषदेनें हात घातला. ह्याच काळांत, ३ एप्रिल १९२७ पासून, डॉ. आंबेडकर 'बहिष्कृत भारत' हें पाक्षिक चालवीत होते. त्याचे रकानेच्या रकाने ते स्वतः एकटाकीं लिहीत. ज्ञानेश्वरांच्या ओंव्या शिरोभागीं मिरविणाऱ्या त्या पत्रांतील अग्रलेख हें आमच्या मतें मराठी निबंधवाङ्मयाचें एक मोठें दालन आहे, आणि तें एक दावा अंगावर असतांना उभें राहिलें आहे. युक्तिवादाची ती घट्ट वीण, प्रत्येक विधानामागें पुरावा ठेवण्याची ती संवय, प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं पुरतें मांडून मग तें तोडण्याची ती रीत: ह्यांत विद्वत्ता आहेच, पण उद्यां हेंच विधान कोर्टांत वाचलें जाईल ही जाणीवही आहे. कायद्याची छाया लेखनावर पडते ती अशी. आशय ती देत नाहीं. लेखकानें हात सांभाळून, शब्द तोलून लिहावें एवढें ती करते.

मनाईहुकूम फेब्रुवारी १९२८ मध्यें उठला. दावा १९३१ सालीं निकालांत निघाला, अपील १९३३ सालीं ठाण्यास फेटाळलें गेलें, आणि १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टानें अखेरचा निकाल दिला, तोही तळें बंद ठेवूं पाहणाऱ्यांच्या विरुद्ध. एका तळ्याच्या पाण्यासाठीं सव्वानऊ वर्षें! तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ति ब्रूमफील्ड. हेच गृहस्थ १९२२ सालीं अहमदाबादेस सेशन्स जज्ज असतां त्यांनीं गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा दिली होती, आणि ती देतांना टिळकांच्या १९०८ सालच्या शिक्षेचा दाखला बोलून दाखविला होता. त्याच कैदेंत येरवड्यास गांधीजींनीं दक्षिण आफ्रिकेंतील सत्याग्रहाचा इतिहास सांगण्यास आरंभ केला. एकाच लेखणीनें एकाची मोकळीक घेतली आणि हजारोंना पाणी दिलें. न्यायासन हें स्वभावतः लेखकाचें शत्रु नव्हे व मित्रही नव्हे. तेथें काय पुढें ठेवलें जातें ह्यावर पुष्कळ अवलंबून असतें.

इतकें सारें एका दिवसांत सुचलें असें नाहीं. तिसऱ्या दिवशीं आम्ही त्या मुलास बरोबर घेऊन शिवथरच्या घळीस गेलों. वरंधाहून ती दूर नाहीं. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनीं ही घळ शोधून काढून लोकांच्या दृष्टीस आणली. समर्थांनीं 'दासबोध' येथें सांगितला व कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला, अशी श्रद्धा आहे. शेजारीं धबधबा पडतो, आंत गारवा आणि अंधुक उजेड. मुलगा आंत बसून बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "काका, ही पण कोठडीच कीं!"

आम्हीं म्हटलें, "कोठडी खरी, पण हिला दार नाहीं."

लेखनाला एकांत लागतो, ह्यांत वाद नाहीं. कोणी तो घळींत जाऊन मिळवितो. कोणावर तो तुरुंगांत लादला जातो. अटलांट्याच्या त्या गायकासारख्या एखाद्यास स्वतःच्या चुकीनें तो घरबसल्या भोगावा लागतो. एकांतांत काम होतें म्हणून तो लादणाराचे उपकार मानणें हा मात्र विचाराचा आळस आहे. आमचें तें आवडतें वाक्य आम्ही येथें जाहीरपणें मागें घेतों.

तेथेंच एका शिळेवर बसून आम्हीं त्याचें गीत वाचलें. गीत चांगलें आहे. कांहीं ओळी तर अशा आहेत कीं वाचतांना आमचा आवाज स्थिर राहिना. दोन ठिकाणीं मात्र त्यानें ऐकींव गोष्ट पाहिल्यासारखी सांगितली होती. तेथें आम्हीं त्यास कोल्हापुरच्या पत्रांची हकीकत सांगितली. त्यानें एक जागा खोडली, दुसरीखालीं रेघ मारून 'विचारणें' असें लिहिलें. तिसऱ्या एका ठिकाणीं प्रश्न फार तीक्ष्ण आहे असें वाटून आमचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. पण तो प्रश्न खरा होता. आमच्या सोयीवांचून तो सौम्य करण्यास दुसरें कारण नव्हतें. आम्हीं पेन्सील परत खिशांत ठेविली.

खटला व्हावा म्हणून लिहूं नये, आणि होईल ह्या भयानें खरें असेल तें खोडूं नये. खोडावयाचें तें खोटें तेवढें. एवढेंच आम्हीं त्यास सांगितलें.

संध्याकाळीं ओटीवर त्याच्या वडिलांस आम्हीं सारी हकीकत कळविली. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "म्हणजे तक्रार होणारच नाहीं, असं तुम्ही सांगत नाहीं."

"नाहीं," आम्हीं म्हटलें.

"मग तशी वेळ आलीच, आणि महाडला कोर्टांत उभं राहावं लागलं, तर तुम्ही याल?"

इतकीं वर्षें आम्ही तुरुंगांतून आलेल्या ग्रंथांवर व्याख्यानें देत आलों. त्यांपैकीं एकाही लेखकासाठीं जामीन राहण्याचा प्रसंग आमच्यावर आला नव्हता. रामशेट उरवण्यांचें नांव त्या क्षणीं आम्हांस आठवलें. आम्हीं "येऊं" म्हणून शब्द दिला. गृहस्थ उठले, जोडे घातले, आणि अंगणाच्या कडेशीं उभ्या असलेल्या मुलाला म्हणाले, "चल, भात झांकायचंय. पाऊस येईल असं दिसतंय."